नवव्या वाफ्यातलं शून्य

या, मित्रांनो, या. मागे बसलेल्यांनीही जरा पुढे सरका. माझा आवाज मोठा नाही, आणि जे सांगायचं आहे तेही मोठ्याने सांगण्यासारखं नाही. पण गोष्ट सांगीन ती खरी सांगीन, पदरचं त्यात काही घालणार नाही. शेवटी तुमच्याकडे एकच मागणं मागेन. तेवढं कबूल असेल तर ऐका.

मी एक जुनं चिन्ह आहे. दोन खुणांचं. आधी एक प्रश्नचिन्ह आणि त्याला खेटून त्या दोन आडव्या रेघा, ज्यांना तुम्ही गणितात 'बरोबर' म्हणता. तुमच्या वहीत मी भेटणार नाही. संगणकाला काम सांगण्यासाठी माणसं ज्या भाषा बनवतात, त्यांतल्या एका लहानशा भाषेत माझा जन्म झाला. पंप, झडपा, पंखे, भट्ट्या अशी यंत्रं चालवणारी ती भाषा.

आमच्या घराण्याचं काम आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. संगणक जे काही लक्षात ठेवतो ते डब्यांत ठेवतो, आणि प्रत्येक डब्याला एक नाव असतं. माझा थोरला भाऊ, म्हणजे नुसत्या दोन रेघा, उजवीकडची वस्तू उचलतो आणि डावीकडच्या डब्यात टाकतो. आत आधी काय होतं, कोणी ठेवलं होतं, याची चौकशी करत नाही. जुनं फेकलं, नवं भरलं, मोकळा झाला. मधल्या भावाला अधिकचं चिन्ह जोडलेलं आहे. तो जुन्यात भर घालतो. मी सगळ्यांत धाकटा. माझ्यापुढे प्रश्नचिन्ह आहे ते अशासाठी, की मी आधी विचारतो. डब्यात डोकावतो. आत काही असेल तर हात न लावता मागे फिरतो.

रिकामं असेल तरच भर. हा मला मिळालेला मंत्र. ऐकायला किती गोड आहे बघा! ज्याने काही ठेवलंय त्याचा मान राखायचा, आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याला उपाशी ठेवायचं नाही. मला वाटायचं, देवाने आपल्याला फार चांगल्या कामाला लावलंय. भाऊ राबतात, आपण मात्र सेवा करतो. असा माझा तोरा होता. तो पुढे कसा उतरला, तेच सांगायला बसलोय.

माझा जन्म झाला एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. खाली शिवणयंत्रं दुरुस्त करणारा बसायचा, त्याची खटखट दिवसभर जिन्यातून वर यायची. खोलीत एक पांढरा फळा होता. खिडकी नीट लागत नसे म्हणून फटीत पुठ्ठ्याची घडी खोचलेली होती. आणि माणसं तीन. पहिल्या ताई. भाषा त्यांच्या डोक्यातून निघालेली. दुसरे मास्तर. तीस वर्षं शाळेत गणित शिकवून मग या कामाला आलेले, त्यामुळे बोलता बोलता समोरच्याचा कान पकडतील की काय असं वाटायचं. तिसऱ्याचं खरं नाव कोणी घेत नसे. तो जिन्यावरून चढताना दोन-दोन पायऱ्या गाळायचा आणि बोलताना अर्धी वाक्यं, म्हणून सगळे त्याला लगबगे म्हणत.

नवं चिन्ह भाषेत घ्यायचं की नाही, हे ठरवायची त्यांची एक रीत होती. प्रत्येकाने आपलं पेन टेबलावर ठेवायचं. टोपण काढलेलं पेन म्हणजे 'हो', टोपण लावलेलं म्हणजे 'नाही'. एक जरी 'नाही' पडलं तरी चिन्ह बाद. आणि एखाद्याचं पेनच नसलं तर? तर तो बाकीच्यांबरोबर आहे असं धरायचं. रीत साधी होती, वेळ वाचवणारी होती. लगबग्यानेच सुचवलेली, हे सांगायला नको.

मला फळ्यावर काढलं तेव्हा माझ्या रूपावर कोणाचाच आक्षेप नव्हता. वाद पेटला तो एकाच गोष्टीवरून. रिकामं म्हणजे काय?

"डबा रिकामा म्हणजे रिकामा," लगबगे म्हणाला. "नि आत शून्य असेल तरी रिकामाच. शून्य म्हणजे काय? काही नाही. संपलं."

"संपलं काय? बस खाली," मास्तर म्हणाले. "मी परीक्षेत प्रश्न घातला, पाचातून पाच गेले किती राहिले. एका पोराने पाटी कोरी दिली. दुसऱ्याने शून्य लिहून दिलं. दोघांना सारखेच गुण देऊ?"

"मास्तर, इथे परीक्षा नाहीये. इथे मोजायचं यंत्र बिघडलं की शून्य पाठवतं. ते शून्य खरं मानायचं का? लोक वैतागतील. दोन ओळींचं काम पाच ओळींत जाईल."

"जाऊ दे पाच ओळींत! ओळी काय पाठीवर वाहून न्यायच्यात?"

ताई हसल्या. त्यांना दोघांचंही पटत होतं, आणि ज्याला दोघांचं पटतं त्याचं फार अवघड असतं. शेवटी म्हणाल्या, "मला वाटतं लगबग्याचं सोयीचं आहे. पण आज नको. उद्या सकाळी पेनं ठेवू."

मास्तरांचं दुसऱ्या दिवशी डोळ्याचं ऑपरेशन होतं. आदल्या संध्याकाळी ताई आणि लगबगे खाली चहाला गेले, तेव्हा मास्तर एकटेच फळ्यासमोर उभे राहिले. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग खिशातलं काळं पेन काढलं, टोपण घट्ट दाबलं, टेबलाच्या अगदी मधोमध ठेवलं आणि गेले. मी फळ्यावरून पाहत होतो.

थोड्या वेळाने ताई वर आल्या. कागद पसरायचे होते म्हणून टेबल पुसायला घेतलं. "मास्तर पेन विसरले वाटतं," असं स्वतःशीच म्हणाल्या आणि ते पेन उचलून बाकीच्या पेनांच्या मगात टाकलं.

मित्रांनो, फळ्यावरच्या चिन्हाला तोंड नसतं. असतं तर मी ओरडलो असतो. नाही, खोटं कशाला बोलू? ओरडलो नसतो. मला जन्माला यायचं होतं.

सकाळी टेबलावर दोन पेनं आली, दोन्ही उघडी. तिसरी जागा रिकामी. तिसरं मत त्यांनी भरून टाकलं. अशा रीतीने मी भाषेत आलो, आणि माझ्या मंत्राला एक शेपूट चिकटलं: रिकामं असेल तरच भर, आणि शून्य असेल तर त्यालाही रिकामंच समज.

तीन आठवड्यांनी मास्तर डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून आले. नवं माहितीपुस्तक चाळलं. मी दिसलो. मग त्यांची नजर मगातल्या काळ्या पेनाकडे गेली. ते त्यांनी उचलून खिशाला लावलं. "अच्छा," एवढंच म्हणाले. आपलं 'नाही' ऐकूनसुद्धा दोघांनी पुढे रेटलं, असं त्यांना वाटलं. महिन्याभराने त्यांचं येणं बंद झालं. ताईंना वाटलं, डोळ्याचा त्रास असेल. विचारायचं राहून गेलं.

पुढची वर्षं माझ्या कौतुकाची. पावाच्या भट्ट्यांत होतो, पोहण्याच्या तलावाच्या पंपांत होतो, कपडे वाळवायच्या मोठ्या यंत्रांत होतो. आम्हा चिन्हांचं असंच असतं. जिथे जिथे लिहितात तिथे तिथे आम्ही पूर्ण असतो. लोक ताईंना पत्रं पाठवत, की तुमच्या त्या धाकट्या चिन्हाने आमचं अर्धं काम हलकं केलं. लगबगे एका मोठ्या कंपनीत गेला, जाताना फळ्यावर मला एक टोपी काढून गेला. ताईंनी ती टोपी पुसली नाही. मी फुगलो होतो, मित्रांनो. फुगलेल्याला खाली वाकून डब्यात नीट बघता येत नाही.

आता ज्यांच्यासाठी तुम्हाला जवळ बोलावलं त्या माणसाकडे येतो.

ताईंचे बाबा माळी होते. शहराच्या कडेला त्यांचं एक काचघर होतं, आत नऊ वाफे. आठ वाफ्यांत विकायची रोपं. नववा विकायचा नव्हता. त्यात बेचाळीस कंद होते. ताईंच्या आईने दोन जातींच्या फुलांचा संकर करत करत अकरा वर्षं घालवली होती. तिला एक विशिष्ट रंग हवा होता, दुधावरच्या सायीचा, कडेला किंचित केशरी. प्रत्येक वर्षी फूल उमललं की ती म्हणायची, "जवळ आलंय, पण हा नाही." ती गेली त्याच्या पुढच्या वर्षी तो रंग आला. बाबांनी एकट्याने पाहिला. जगात दुसरीकडे कुठेच ते फूल नव्हतं. त्याला नावही नव्हतं. बाबा नुसतं 'तिचं' म्हणत. "तिचं यंदा लवकर आलं," असं.

या कंदांचं एक असतं. फुलून झालं की पानं टाकतात आणि चार महिने मातीत कोरडे झोपतात. त्या झोपेत त्यांना पाण्याचा थेंबही चालत नाही. बाबा बाकीच्या आठ वाफ्यांना झारीने पाणी घालत, आणि नवव्यापाशी आले की झारी दुसऱ्या हातात घेत, न जाणो एखादा थेंब गळायचा.

एका वर्षी, नेमक्या त्याच झोपेच्या दिवसांत, ताईंची आत्या आजारी पडली. बाबांना तीन आठवडे बहिणीकडे जाऊन राहणं भाग होतं. ताई म्हणाल्या, "बाबा, आता तरी झारी सोडा. मी यंत्र बसवते." नळ्या पसरल्या, पंप लावला, आणि प्रोग्राम स्वतः लिहिला. दर वाफ्याला एक डबा. डब्यात रोजचे लिटर. आणि बाबा एखादा डबा भरायला विसरले तर रोपं तहानेने मरू नयेत, म्हणून त्यांनी मला बोलावलं: डबा रिकामा असेल तर चार लिटर घाल. मुलीने वडिलांसाठी केलेली माया होती ती. मला तिथे लिहिताना ताईंची बोटं क्षणभरही अडखळली नाहीत. इतक्या वर्षांत मी त्यांच्या हाताच्या सवयीचा झालो होतो. शून्याचं ते शेपूट आठवलंच नाही त्यांना.

निघायच्या सकाळी बाबांनी फोन केला. "पोरी, आकडे घालतोय. याला शून्य कळतं ना गं?"

"बाबा," ताई हसून म्हणाल्या, "शून्याशिवाय यांचं पानच हलत नाही. बिनधास्त घाला."

चष्मा लावून, एकेक बटण दाबत बाबांनी आठ आकडे भरले. नवव्या डब्यात शून्य घातलं. ते बरोबर पडलं ना, हे बोट लावून पाहिलं. हे पाहणारा तिथे मी एकटा होतो. मग दाराला कडी लागली, पंपाने पहिला श्वास घेतला आणि माझी पाळी आली. मी नवव्या डब्यात डोकावलो. आत शून्य होतं. एका म्हाताऱ्या माणसाने विचार करून ठेवलेलं, जपून ठेवलेलं शून्य. मला शिकवलं होतं की हे रिकामं. मी ते काढून टाकलं आणि त्या जागी चार ठेवला.

एकवीस दिवस, रोज सकाळी, चोख चार लिटर.

बाबा परत आले तेव्हा काचघराचं दार उघडताच त्यांना वास आला. त्यांनी ताईंना बोलावलं नाही. खुरपं घेऊन बसले आणि पहिला कंद काढला. बोटांत तो मऊ लागला. चाकूने कापला, मधे कुठे पांढरं, टणक काही उरलंय का बघितलं. मग दुसरा काढला. बेचाळीसच्या बेचाळीस कापून झाल्यावर त्यांनी हात धुतले आणि मुलीला फोन केला.

ताई धावत आल्या. यंत्रातून निघालेली कागदाची पट्टी बाबांनी त्यांच्या हातात दिली. वाफा नऊ, चार लिटर. वाफा नऊ, चार लिटर. पट्टी जमिनीला टेकली होती.

ताईंनी पडद्यावर पाहिलं. नवव्या डब्यात चार. आणि त्यांच्या तोंडून ते वाक्य गेलं, जे त्या पुढे आयुष्यभर परत गिळायला बघत राहिल्या: "बाबा, तुम्ही शून्य घालायला विसरलात का?"

"घातलं होतं गं मी." बाबा पडद्याकडे बघत राहिले. तिथे चार होता. शून्याचा पुरावा मीच पुसला होता. "घातलं होतं बहुतेक. नाही... घातलं नसेल. तुझी आत्याही म्हणत होती, दादा हल्ली विसरतोस. विसरलो असेन."

घरी जाऊन ताईंनी प्रोग्राम उघडला आणि मला पाहिलं. पाहत राहिल्या. मग चेहरा ओंजळीत घेतला.

तेव्हाच जाऊन त्यांनी सांगितलं असतं तर? हाच प्रश्न मला खातो. पण ताईंना वाटलं, नुसतं 'चूक माझी' म्हणून काय उपयोग? आधी चूक निस्तरू, मग जाऊन म्हणू, बाबा, हे बघा, आता कोणाचं असं होणार नाही. त्यांनी काचघरातलं यंत्र उपटून काढलं, नळ्या गुंडाळून फेकल्या, आणि मला सुधारायला बसल्या.

सुधारता येईना. तोवर चाळीस हजारांवर यंत्रं माझ्यावर विसंबून होती. ताईंनी सगळ्यांना विचारलं, शून्याला शून्य मानू का? तलाववाल्याने लिहिलं, बाई, आमचं मोजायचं यंत्र बिघडलं की शून्य देतं. ते खरं मानलं तर तलाव रिकामा समजून पंप चालतच राहील आणि शेवटी कोरडा फिरून जळेल. भट्टीवाल्यांचंही तेच. माझी खोड लोकांच्या भिंतीत विटेसारखी बसली होती. काढली तर कोणाचं तरी छप्पर कोसळणार.

म्हणून ताई मास्तरांच्या घरी गेल्या. किती वर्षांनी! मास्तर जाड भिंगाच्या चष्म्यातून बघत म्हणाले, "ये. लगबगे कसा आहे? पोचला की नाही अजून, जिथे पोचायचं होतं तिथे?"

ताईंनी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही त्या दिवशी असता तर अडवलं असतंत."

"होतो की. माझं पेन होतं टेबलावर. टोपण लावून, मधोमध."

ताईंचा चेहरा उतरला. "ते... मला वाटलं तुम्ही विसरलात. मी उचलून मगात ठेवलं."

मास्तर म्हणाले, "आणि मला वाटलं, तुम्ही दोघांनी वाचूनही बाजूला सारलंत. सात वर्षं मी तुझ्यावर रुसून बसलोय, पोरी. एक फोन केला असता तर..."

दोघांनी मिळून एक नवं चिन्ह घडवलं. माझी धाकटी बहीण. तिला दोन प्रश्नचिन्हं आहेत. ती खरोखर कोरा डबा असेल तरच भरते. शून्य दिसलं की नमस्कार करून मागे फिरते. गुणी आहे ती, तिचं भलं होवो. माहितीपुस्तकात माझ्या नावापुढे लिहिलं गेलं: 'जुने. नव्या कामात वापरू नये.' पण या सगळ्यात एक वर्ष गेलं.

ते वर्ष बाबांनी कसं काढलं, ऐका. घराच्या प्रत्येक बटणाला चिठ्ठी चिकटवली. बाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून पाहायचे. आपल्या हातून काही होईल म्हणून आठही वाफ्यांची रोपं शेजाऱ्याला देऊन टाकली आणि काचघराची किल्लीसुद्धा. ज्या माणसाला पावणेदोनशे रोपांची तहान तोंडपाठ होती, तो स्वतःच्या डोक्याला भिऊन बसला.

ताई गेल्या तेव्हा बाबा मोकळ्या काचघरासमोरच्या बाकावर बसले होते. ताईंनी माझी ओळ छापलेला कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. "बाबा, तुम्ही विसरला नव्हता. हे चिन्ह बघा. तुम्ही शून्य घातलंत, याने पुसलं. आणि हे असं मी ठरवलं होतं. मी."

बाबांनी चष्मा लावून मला पाहिलं. मी कागदावर होतो. त्यांच्या नजरेला नजर देता येत नव्हती.

"एवढ्याशा खुणेने?" ते हसले. ताईंच्या डोक्यावरून हात फिरवला. "मला बरं वाटावं म्हणून सांगतेस ना? तुझी आई अशीच होती. माझ्या हातून काही फुटलं की म्हणायची, मीच कडेला ठेवलं होतं."

"नाही हो बाबा, खरं सांगतेय! मी यंत्र परत आणून दाखवते."

"नको. ते यंत्र नको आता इथे. राहू दे पोरी. माझ्याच हातून गेलं तिचं. मला सवय झालीय या विचाराची."

ताईंनी पुन्हा सांगितलं. आणखी दोनदा येऊन सांगितलं. मुलगी जितकं सांगे तितकं बापाला वाटे, किती जीव लावते ही. खऱ्याला त्यांनी माया समजून बाजूला ठेवलं. कंद फुलायच्या दिवसांत ते गेले. नवव्या वाफ्यात तेव्हा नुसती माती होती.

काचघर आवरताना बियांच्या खणात ताईंना एक चिठ्ठी सापडली. जायच्या आदल्या दिवशी आकडे विसरू नयेत म्हणून बाबांनी पेन्सिलने लिहून ठेवलेली. एक ते आठ वाफे, त्यांचे लिटर. आणि खाली: 'नऊ – शून्य. थेंबही नको.' शून्याभोवती दोनदा गोल केलेला. शेजारी टिकची खूण होती, काम झाल्यावर करतात तशी. ताई ती चिठ्ठी घेऊन बाकावर बसून राहिल्या. दाखवायला आता कोणी नव्हतं.

मित्रांनो, मी अजून मेलेलो नाही. तलावांत आहे, भट्ट्यांत आहे. रोज सकाळी डब्यांत डोकावतो, आणि जिथे शून्य दिसतं तिथे माझा हात पुढे होतो. मला तो आवरता येत नाही. मला तसंच लिहिलंय. तुम्ही मात्र चिन्हं नाही. तुमचे हात तुमचे आहेत. कोणी गप्प राहिला तर त्याला विचारा. आणि कोणी 'नको' म्हणाला, तर त्याने काही सांगितलंच नाही असं धरू नका.

मला विसरलात तरी चालेल. माझी टोपीही त्या फळ्यावरून केव्हाच पुसली गेली. माझं मागणं एवढंच, की कुठे एखादं शून्य लिहिलेलं दिसलं तर क्षणभर थांबा आणि त्या माळ्याची आठवण काढा. तो विसरला नव्हता. चष्मा लावून, बोट टेकवून, त्याने शून्य लिहिलं होतं.